गूळ करपल्याचा वास

कामगार वसाहत, वारणानगर,
जि. कोल्हापूर
रविवार, ९ फेब्रुवारी २००३

चि. प्रसेनजीत यास,

बाबांचा सप्रेम जयभीम. सौ. अक्षताला आणि शिवानीला आशीर्वाद. मी आणि तुझा दादा, आम्ही दोघं इथं ठीक आहोत, असं लिहायची सवय हाताला आहे म्हणून तेवढं लिहितो. बाकीचं पुढं येईलच.

काल सकाळी अंघोळीचं पाणी तापत होतं आणि मला एकदम आपल्या जुन्या शाळेचा आवाज ऐकू आला. पत्र्याखाली चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणतायत, आणि त्या चाळिसांत एक आवाज मध्येच थांबतो. बाकीचे एकोणचाळीस पुढं जातात. दुसऱ्या कुणाला ते कळणार नाही, पण मास्तरच्या कानाला कळतं. भिंतीतली एक वीट निघाली की तेवढ्या जागेतून गार वारा आत येतो, तसं काहीसं. पाच-सहा श्वास गेले की तो आवाज पुन्हा इतरांत मिसळतो. तो आवाज कुणाचा, हे तुला सांगायला नको. दादाच्या मागोमाग पाच वर्षांनी तू त्याच वर्गात बसलास. मास्तरचा थोरला पोरगा कविता म्हणताना मध्येच झोपतो, ही गंमत तोवर शाळेत जुनी झाली होती.

शिवानी आता दुसरीत असेल. तिला कविता पाठ होतात का? अर्थ विचारू नकोस, नुसत्या म्हणून घे. अर्थ मागाहून येतो. माझ्या बाबतीत तर तो सत्तर वर्षांनी यायला लागलाय.

आता बातमी. गेल्या महिन्यात एकवीस तारखेला, दुपारच्या पाळीत, तुझा दादा धम्मपाल कारखान्यात पडला. जोतीराम त्याच्या शेजारीच होता. जोतीराम हा आपल्या भिंतीला भिंत लागून राहतो आणि धम्मपालच्याच खात्यात फिटर आहे. तू गेल्यावर तो इथं आला, म्हणून तुझी ओळख नाही. त्यानं येऊन सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहितो.

“मास्तर, घाबरायचं न्हाय. धम्मा पडलाय. घसरून न्हाय पडला. उभा हुता, नाक वर करून म्हनला, ‘जोत्या, गूळ करपाय लागलाय.’ मी म्हनलं, ‘येड्या, साखर कारखान्यात गुळाचं नाव काढू नगंस, सायेब घरी घालवंल.’ मी हसतोय तवर ह्यो आडवा! हातपाय ताठ, तोंडाला फेस. कोन कांदा आनाय पळालं, कोन चप्पल आनाय पळालं. मी म्हनलं बाजूला व्हा की, गाडी आना आदी!”

गाडी आणली. कोल्हापूरला नेलं. डोक्याचा फोटो काढला, तो मोठ्या मशीनचा. डॉक्टर तरुण आहेत, मला गुरुजी म्हणतात. त्यांनी फोटो उजेडावर धरला आणि उजव्या कानाच्या वर, आतल्या बाजूला पेनानं दाखवलं. लिंबाएवढी गाठ आहे. वाईट जातीची दिसत नाही म्हणाले, पण जुनी आहे. फार हळू वाढलेली. बहुधा लहानपणापासूनची.

“लहानपणी कधी बोलता बोलता थांबायचे का? हरवल्यासारखं? ओठ चाटणं? कुठं काही नसताना कसला तरी वास?” त्यांनी विचारलं.

धम्मपाल म्हणाला, “वास यायचा. गूळ करपल्याचा. अजून येतोय.”

डॉक्टर म्हणाले, तो वास गुळाचा नव्हे, गाठीचा. तेवढ्यापुरती मेंदूत ठिणगी पडते आणि नाकाला वास आल्यासारखं होतं.

मग मी त्यांना एक प्रश्न विचारला. तो तुझाही असेल, म्हणून लिहितो. मी म्हटलं, “डॉक्टर, साडेअकरा वर्षांपूर्वी ह्यानं सख्ख्या भावावर पाना उचलला. धाकट्याचा डावा डोळा गेला. तो पाना ह्यानं उचलला की गाठीनं?”

डॉक्टरांनी फोटो पुन्हा उजेडावर धरला. “गुरुजी, मला ह्यात गाठ दिसते. पाना दिसत नाही,” ते म्हणाले. “अशी गाठ असलेली दहा माणसं माझ्यासमोर बसवा. नऊजणांनी आयुष्यात कुणाला चापटही मारलेली नसते.”

“आणि दहाव्यानं?”

“दहाव्याचं मला खरंच माहीत नाही. संबंध असू शकतो. नसूही शकतो.”

पण बाळा, मला तिथंच हलकं वाटलं. घरी येताना पंचगंगेच्या पुलावर एस.टी. थांबली होती. खाली पाण्यावर ऊन हलत होतं, आणि मी मनात म्हटलं, अरे, तो धम्मपाल नव्हताच! इतकी वर्षं आपण एका गाठीवर रागावलो. आता तुझाही राग कुणावर राहू नये असं मला वाटतं. मोसंबीत किडा असला तर झाडाला कुणी शिव्या देत नाही.

ऑपरेशन १३ मार्चला, गुरुवारी, कोल्हापुरात आहे. डॉक्टर म्हणतात, भिण्यासारखं फारसं नाही, तरी डोकं आहे. बोलणं, आठवण, स्वभाव यांत थोडा फरक पडू शकतो. बहुतेकांच्या बाबतीत पडत नाही. धम्मपाल रोज मला एकच विचारतो, “जित्या यील का?” त्याला तुला एकदा बघायचंय.

तू त्याआधी ये. सोलापूरहून कोल्हापूरची गाडी थेट आहे. मागच्या गोष्टींचं मी काही लिहीत नाही, त्या पत्रात मावत नाहीत.

तुझे,
बाबा


वारणानगर
मंगळवार, २५ फेब्रुवारी २००३

चि. प्रसेनजीत यास,

जयभीम. तुझं कार्ड पोचलं. कार्ड उघडंच असतं, पोस्टमननं वाचलं असणार, कारण त्यानं ते पालथं करून माझ्या हातात दिलं आणि रोजच्यासारखा चहाला थांबला नाही.

एकच ओळ आहे. “दादाच्या डोक्यात गाठ होती, तुमच्या डोक्यात काय होतं?”

खाली सही नाही, पण अक्षर माझ्याच हातचं वळण घेतलेलं आहे. दोन दिवस ते कार्ड मी कवितांच्या वहीत ठेवलं. वहीत वाळलेलं पान ठेवावं तसं. मग वाटलं, हे ठेवायचं नाही, ह्याला उत्तर द्यायचं. आयुष्यभर मी मुलांना सांगत आलो, प्रश्न आधी नीट वाचा, मग लिहा. तुझा प्रश्न मी नीट वाचलाय. तो मला एकट्याला विचारलेला आहे. दादाच्या आड लपून त्याचं उत्तर देता येणार नाही.

आधी लहान कबुली. डॉक्टरांनी ‘लहानपणी थांबायचे का’ असं विचारलं तेव्हा धम्मपालच्या आधी मी बोललो होतो. मी म्हणालो, “आठवत नाही.” मागच्या पत्रात ते मी गाळलं. मला सगळं आठवत होतं.

१९७३ सालचा जुलै. शाळेत दिपोटी साहेब तपासणीला आले होते. चौथीच्या वर्गात मी माझी स्वतःची कविता बसवली होती. मोठी काही नव्हती, चार कडव्यांची.

पाटाच्या पाण्या, हळू जरा चाल,
उसाच्या पायी बांध चांदीचे चाळ.

साहेबांसमोर एकट्यानं म्हणायला मी धम्मपालला उभं केलं. मास्तरचा मुलगा, आणि मास्तरचीच कविता. मिजास होती मला. तो ‘हळू जरा’ म्हणाला आणि थांबला. डोळे उघडे, ओठ चाटतोय, जणू समोर कुणीच नाही. वर्ग हसला. साहेब हसले. कवीला हसू फार लागतं रे. सोप्या शब्दांत सांगायचं तर माझा अपमान झाला. साहेब गेल्यावर मी विचारलं, “का थांबलास?” तो म्हणाला, “गुरुजी, गूळ करपल्याचा वास आला.” शाळेत तो मला गुरुजीच म्हणायचा. मी म्हटलं, “जुलैत कुठलं गुऱ्हाळ चालू असतं रे? थापा मारतोस?” आणि उजव्या तळहातावर दहा रूळ. नऊ वर्षांचं पोर ते. रडलाही नाही. माझ्या तोंडाकडं असा बघत राहिला, जणू मलाच काहीतरी झालंय.

पुढंही तो थांबत राहिला, आणि मी मारत राहिलो. कधी दोन, कधी पाच.

तुझी आजी, चिमणाबाई, हिनं दीक्षा घेतली होती, पण जुन्या सवयी तिच्या पदराच्या गाठीत होत्या. ती एकदा मला म्हणाली, “गणपती, पोरगं थांबतंय ते सादं न्हाय. अंगात वारं येतंय त्याच्या. एकडाव नरसोबाच्या वाडीला नेऊया की.” मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, “आपल्या घरात अंगात येणं छप्पन्न सालीच बंद झालंय! माझ्या घरात वारं-बिरं काही चालणार नाही.”

वाडीला नेलं नाही, ते बरोबरच केलं. आजही नेणार नाही. पण वारं नाही म्हणजे काहीच नाही, असं मी कुठून ठरवलं? अंगात येत नसेल तर मग पोर ढोंगी, आळशी, हट्टी. माझ्याकडं दोनच खण होते, आणि एक मी बंद करून टाकला होता. अंधश्रद्धा सोडलेल्या माणसानं पोराला डॉक्टरकडं न्यायला पाहिजे होतं. मी रुळाकडं नेलं. तुझ्या अडाणी आजीनं निदान एवढं तरी ओळखलं होतं की हे पोर आपल्या मर्जीनं थांबत नाही.

त्यानंतर धम्मपालनं वासाचं नाव काढलं नाही. थेट ऑगस्ट एक्क्याण्णवपर्यंत.

तो दिवस तू विसरला नसशील, पण मी काय पाहिलं ते लिहितो. कारखान्याचा हंगाम बंद होता. धम्मपाल अंगणात सायकलची चेन बसवत होता. तू दारात उभा होतास. पोलीस भरतीची पळण्याची परीक्षा पास झालेला, अंगात नवी बनियन. तू म्हणालास, “दादा, एक चेन बसंना तुझ्यानं, आन् कारखाना कसा चालवतोस रं?” भाऊ भावाला म्हणतो तेवढंच. धम्मपालनं मान वर केली, नाक फुलवलं, म्हणाला, “गूळ करपतोय.” तू हसलास. मग पाना.

मारल्यावर तो खाली बसला आणि मला विचारलं, “बाबा, काय झालं?” मी समजलो, नाटक करतोय.

आता मोठी कबुली. दवाखान्यात तुझ्या डोळ्यावर पट्टी होती. धम्मपाल बाहेर बाकावर बसला होता. हवालदार जबाब घ्यायला जिना चढत होता, त्याच्या बुटांचा आवाज येत होता. तेवढ्या वेळात मी तुझ्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, “गाडीवरून पडलो म्हण. केस झाली तर त्याची नोकरी जाईल, ही खोली जाईल, तुझी आई रस्त्यावर येईल.” तू म्हणालास, “आणि माझा डोळा?” त्यावर मी जे बोललो ते तुझ्या आईलाही कधी सांगितलं नाही. मी म्हणालो, “तूच डिवचलंस त्याला.”

तू जबाब दिलास, गाडीवरून पडलो. बावीस वर्षांचा होतास.

माझ्या वर्गाच्या भिंतीवर मी स्वतः गेरूनं लिहिलं होतं, नेहमी खरे बोलावे. दरवर्षी गिरवून ताजं करायचो.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या डोक्यात काहीही नव्हतं. माझा फोटो काढला तर लख्ख येईल. मी शुद्धीवर होतो, सगळं समजत होतं, जिना चढणारे बूट मोजण्याइतका वेळ होता. धम्मपालच्या हातानं मारलं त्यात त्याचा वाटा किती आणि गाठीचा किती, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. माझं सांगता येतं. सगळं माझंच. आणि मी मागच्या पत्रात तुला झाडाची आणि किड्याची गोष्ट सांगत बसलो. लाज वाटली.

हे लिहायच्या आधी मी आणखी एक केलं. परवा दुपारी धम्मपाल हरभऱ्याचे घाटे सोलत बसला होता. मी म्हटलं, “धम्मा, जित्यानं पोलिसाला खोटं सांगितलं ते आपल्या मनानं नव्हे. मी सांगायला लावलं.”

त्याचा हात थांबला. मला वाटलं, झटका. पण नजर माझ्यावरच होती.

“कवा?”

“दवाखान्यात. तू बाहेर बाकावर होतास.”

“म्हंजे त्यानं मला वाचीवला न्हाय.”

“नाही.”

“म्हंजे माफबी केलं न्हवतं.”

तो म्हणाला, “अकरा वर्सं मी फुकटची माफी खाल्ली की, बाबा. मला वाटायचं, भावानं एवढं मोटं मन केलं, आता त्यावर आपून काय बोलायचं? तोंड कुटलं हाय आपल्याला? आई गेली तवा तो आलता. माज्याकडं बगितलं न्हाय. मी म्हनलं, उपकार केला की मानूस लाजतंय. आन् तो वाट बगत हुता व्हय, दादा काय तर बोलंल म्हनून!”

मग तो उठला, बाहेर पायरीवर जाऊन बसला. दोन्ही हात मांडीखाली घेऊन. तो नेहमी असाच बसतो. मला वाटायचं, थंडी वाजते. जोतीराम भिंतीपलीकडून आला आणि माझ्यावर चिडला.

“मास्तर, तुमी येवडं शिकलेलं, आन् घरातलं एक दिसत न्हाय तुमास्नी? त्यो हात दाबून बसतोय. वास आला की बसतोय, पडल्यावर सांगितलं त्यानं मला. पाळी सुटली की पान्याची पेटी माज्या ताब्यात देऊन घरी येतोय, ते कशापायी? तुमचा खलबत्ता माज्या आईकडं का असतोय?”

खरंच, आमचा खलबत्ता किती वर्षं बायडाबाईंकडं आहे! चटणी कुटायची तर धम्मपाल दाणे घेऊन शेजारी जातो. मी समजत होतो, त्यांनी मागून नेलाय. घरात जड लोखंड म्हणून काही नाही, हे मला परवा कळलं. दोन स्थळं आली होती, ती त्यानं का नाकारली हेही.

कुणी त्याला सांगितलं नव्हतं की गाठ आहे. त्याला एवढंच माहीत होतं की एकदा वास आला आणि भावाचा डोळा गेला. वास यायचा थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. वास आल्यावर हात कुठं ठेवायचे ते होतं. एका ऑगस्टात ते जमलं नाही. त्यानंतर रोज जमवलं, कुणाला न सांगता. मी साठ कविता पाठ असलेला माणूस, पण इतकं कडक वृत्त मला कधी पाळता आलं नाही.

अर्ध्या तासानं तो आत आला. “आज वास न्हवता आला,” म्हणाला. “राग आलता. नुसता राग. माजा सोताचा.” आणि का कुणास ठाऊक, थोडा हसला. पुन्हा घाटे सोलायला बसला.

मग म्हणाला, “बाबा, ऑपरेशनच्या आदी त्याला गाटायला पायजे. मागनं मी जर बदललो, शांत झालो, देवमानूस झालो, तर मग माफी कोन मागनार? त्या शांत मानसानं काय केलंय? ज्यानं मारलं त्यानं मागाय पायजे. त्यो अजून हाय हितं, तेरा तारखेपतोर हाय.”

मी म्हटलं, “डॉक्टर म्हणतात, गाठीमुळं झालं असेल.”

“आसंल की. गाटबी माजीच हाय न्हवं? हात तर माजाच हुता.”

हे त्याचं म्हणणं. मी त्याच्या वतीनं काही मागत नाही. तो त्याचं मागेल. मी माझं मागतो. तुला खोटं बोलायला लावलं, आणि तू डिवचलंस म्हणालो, ह्या दोन गोष्टींची तुझी क्षमा. देणं न देणं तुझ्याकडं. ये असंही आता म्हणत नाही. मागच्या पत्रात ते फार सहज म्हणून गेलो.

तुझ्या प्रश्नाचा ऋणी,
बाबा


वारणानगर
मंगळवार, ११ मार्च २००३, सायंकाळी पाच

प्रसेनजीत,

जयभीम. तुझं उत्तर आलं नाही. तेही एक उत्तर असतं, ते मी स्वीकारलंय. हे पत्र तुला ऑपरेशननंतर मिळेल, म्हणून आजची हकीकत तेवढी लिहून ठेवतो.

उद्या सकाळी आम्ही निघतोय. जोतीरामनं जीप ठरवलीय. बायडाबाईंनी शेंगदाण्याची चटणी दिली. आमच्याच खलबत्त्यात कुटलेली. त्या म्हणाल्या, “मास्तर, बरं होऊन आला म्हंजे खलबत्ता न्या तुमचा. लई वर्सं सांबाळला.” जोतीराम म्हणाला, “आये, नगं देऊ. न्हायतर मास्तर सोता चटनी कुटाय बसतील आन् कविता म्हनत आंगटा चेपतील.” धम्मपाल इतका हसला की त्याला ठसका लागला. डोकं भादरलंय त्याचं. कान मोठे दिसतात, लहानपणी दिसायचे तसे.

दुपारी तो सगळ्या वसाहतीत फिरून आला. दहा-बारा घरी गेला. मी विचारलं, निरोप घ्यायला का? तर म्हणाला, “न्हाय. सांगून आलो. एक्क्यान्नव साली माजा भाऊ गाडीवरनं पडला न्हवता म्हनून.” मी म्हटलं, आता कशाला? “तुमी मला सांगितलं न्हवं? मग मी लोकांस्नी सांगितलं.” मग मीही चप्पल घालून निघालो आणि जबाब कुणी बदलायला लावला ते सांगून आलो. काही घरांत चहा मिळाला, काही घरांत नाही. जुन्या हेडमास्तरांनी मान खाली घातली. येताना पाय दुखत होते, पण छाती मोकळी होती. उसाच्या गाड्या चालल्या होत्या, बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजत होती, आणि मला वाटलं, एकाहत्तराव्या वर्षी आपण पहिल्यांदा गृहपाठ पुरा केला.

मघाशी चहा पिताना तो एकदम म्हणाला, “बाबा, ती पाटाच्या पान्याची कविता म्हनू का? उद्या आटवली न्हाय तर?”

म्हणायला लागला. चाळिशीच्या माणसाचा जाड आवाज. ‘पाटाच्या पाण्या, हळू जरा’ म्हणाला, आणि थांबला. त्याच जागी. डोळे उघडे, ओठ हलतायत, हात आपोआप मांडीखाली गेलेले. पुढची ओळ माझ्या जिभेवर आली होती. मी गिळली. काही बोललो नाही, हलवलं नाही, औषधाची बाटली शोधायला धावलो नाही, कारण डॉक्टरांनी सांगितलंय, एवढ्याशा थांबण्यात फक्त शेजारी बसायचं. मी शेजारी बसलो. चूल विझत होती. कुठं तरी खरंच गुऱ्हाळ चालू होतं, मार्च आहे, वासही येत होता, त्याच्या नाकातला की माझ्या कुणास ठाऊक.

तीस वर्षांपूर्वी एवढं जमलं असतं तर.

मग त्याचे डोळे माझ्यावर आले. “चाल,” तो म्हणाला, आणि चारही कडवी पुरी केली. शेवटचं कडवं मी स्वतः विसरलो होतो, बाळा. त्याला पाठ होतं.

दारावर थाप पडलीय. जोतीराम असेल, तो कडी वाजवत नाही, थाप मारतो. बघून येतो.

जोतीराम नव्हता.

दारात अक्षता उभी आहे. एकटी, हातात पिशवी, तोंड उन्हानं लाल. तुझ्या आईच्या मातीला आली होती तेव्हा डोक्यावर पदर होता, म्हणून आधी ओळखलं नाही. ह्या घरात पाय ठेवणार नाही असं जिनं तेव्हा सांगितलं होतं, ती उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, “जयभीम, बाबा. मी मनानं आलो न्हाय. ह्यांच्यासाठी आलोय, शिवानीला माज्या आईकडं ठेवून. दोन तास झालं, ह्ये स्टँडवर बसल्यात. पिशवीत तुमची दोनी पत्रं हायत, वाचून वाचून घडीवर फाटल्यात. म्हनत्यात, दादा न्याय आला तरच यीन, न्हायतर सातच्या गाडीनं माघारी.”

आतून धम्मपालनं ऐकलं. चपलांत पाय घातले, एक उलटी घातली, काढली, परत घातली. दोन्ही हात समोर धरून एकदा बघितले आणि निघाला. वळणापर्यंत दिसत होता. पळत नव्हता, पण मागं बघत नव्हता.

अक्षता म्हणते, “बाबा, तुमी न्हाय जानार?”

मी नाही म्हटलं. मागच्या वेळी मी तुमच्या दोघांच्या मध्ये वाकलो होतो. आज तुम्ही दोघंच बोला. तू जे बोलशील ते बोल, शिव्या दिल्यास तरी चालेल, त्या त्याच्या हक्काच्या आहेत. सातच्या गाडीनं गेलास तरी अक्षताला मी स्टँडवर पोचवीन.

तिला पाणी दिलंय. ती पाटावर बसून भिंतीवरचा तुझ्या आईचा फोटो बघतेय. चुलीत परत जाळ घातलाय, चार माणसांचं आधण ठेवलंय. तांदूळ अजून घातलेला नाही.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. पाकिटावर पत्ता लिहिला होता तो खोडला. घडी करून खिशात ठेवतो आणि उंबऱ्यात बसतो.

वाट पाहायला उशिरा शिकलेला,
तुझा बाबा